मताची किंमत आणि मताचे भाडे : विकेंद्रित जाळ्यांच्या मतदानव्यवस्थेवरील आक्रमणांचा ऐतिहासिक विचार

सारांश

ज्या संगणकीय जाळ्याला मालक अथवा मध्यवर्ती सत्ता नसते, तेथे निर्णय मतदानाने होतात. ही मते बहुधा व्यक्तीला नसून तिच्याजवळील साधनाला किंवा मालमत्तेला दिलेली असतात. अशा मतदानावर कबजा मिळविण्यास किती खर्च येतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'बहुमताइतक्या मालमत्तेची बाजारभावाने होणारी किंमत' असे दिले जाते. प्रस्तुत लेखात हे उत्तर अपुरे असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. अठराव्या शतकातील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक-निवडणुका, २०२० मधील स्टीम जाळ्याचा संघर्ष आणि २०२२ मधील बीनस्टॉक प्रकरण यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, आक्रमकाचा खरा खर्च म्हणजे मताची किंमत नव्हे, तर मताचे भाडे आणि मतदानानंतर त्याला स्वतःला सोसावी लागणारी जोखीम होय.

बीजसंज्ञा : विकेंद्रित जाळे, मतदान, भागभांडवल, टोकन, ईस्ट इंडिया कंपनी, स्टीम, बीनस्टॉक.

१. प्रस्तावना

मतदानाच्या कोणत्याही पद्धतीत एक प्रश्न गृहीत धरलेला असतो : मत कोणाला द्यावयाचे? लोकशाही राज्यात या प्रश्नाचे उत्तर मतदारयादीने दिलेले असते. यादी तयार करणारी, नावे तपासणारी आणि खोटी नावे वगळणारी एक सत्ता तेथे असते. विकेंद्रित संगणकीय जाळ्यांत मात्र अशी सत्ता मुळातच नाकारलेली आहे. तेथे कोणीही, कोठूनही आणि कोणत्याही नावाने सहभागी होऊ शकतो. त्यामुळे या जाळ्यांना व्यक्तीऐवजी दुसऱ्या एखाद्या दुर्मीळ वस्तूला मत द्यावे लागले. ती वस्तू कधी संगणनशक्ती होती, तर कधी त्या जाळ्याचे चलन, म्हणजेच टोकन.

दुर्मीळ वस्तू विकत घेता येते. म्हणून मतही विकत घेता येते, हे ओघानेच आले. या व्यवस्थांचे समर्थक त्यावर असे म्हणत आले आहेत की, बहुमत विकत घेणे इतके महाग पडेल की कोणीही शहाणा माणूस त्या वाटेला जाणार नाही. शिवाय ज्याने बहुमत विकत घेतले तो त्या जाळ्याचा सर्वांत मोठा मालक ठरेल आणि आपल्याच मालमत्तेचे मोल तो कशाला बुडवील? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु इतिहासाने तो अनेकदा खोटा ठरविला आहे. तो कोठे खोटा ठरतो आणि का, हे पाहणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. मतदारयादी नसलेले मतदान

दूरदूरच्या संगणकांनी, त्यांतील काही दगाबाज असतानाही, एकमत कसे करावे या समस्येची प्रसिद्ध मांडणी लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ मध्ये 'बायझंटाइन सेनापती' या रूपकाने केली. वेढा घालून बसलेले सेनापती दूतांकरवी निरोप पाठवितात. त्यांतील काही फितूर आहेत. अशा वेळी निष्ठावंत सेनापतींनी एकाच निर्णयाप्रत कसे यावे, असा तो प्रश्न होता. या मांडणीत सेनापतींची संख्या ठाऊक होती. एका सेनापतीने दहा सेनापतींचे सोंग घ्यावे, ही शक्यता तेथे नव्हती.

खुल्या जाळ्यात नेमकी तीच शक्यता उद्भवते. जॉन डूसर यांनी २००२ मध्ये तिला 'सिबिल आक्रमण' असे नाव दिले आणि ओळख पटवून देणारी मध्यवर्ती सत्ता नसेल तर एकाच व्यक्तीने अनेक नावांनी वावरणे व्यवहारतः रोखता येत नाही, असे दाखवून दिले. 'एक नाव, एक मत' हा नियम अशा ठिकाणी निरर्थक ठरतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनविषयक निबंधाने या अडचणीतून एक वाट काढली. मत नावाला न देता खर्च केलेल्या संगणनशक्तीला द्यावयाचे, ही ती वाट होय. हजार नावे धारण केली तरी यंत्रे आणि वीज यांचा खर्च टळत नाही. म्हणून सोंगाला मोल उरत नाही. यानंतरच्या काही जाळ्यांनी संगणनशक्तीऐवजी टोकनांच्या मालकीला मत दिले. अशा रीतीने 'आक्रमणाचा खर्च' ही कल्पना या जाळ्यांच्या सुरक्षिततेचा पायाच होऊन बसली.

येथेच एक सूक्ष्म चूक शिरली. खर्च मोजताना सर्वसाधारणपणे विकत घेण्याचा खर्च मोजला गेला, परंतु आक्रमकाला वस्तू कायमची नको असते. ती त्याला मतदानापुरती हवी असते. इथेरियम क्लासिक या जाळ्यावर ३१ जुलै ते १ ऑगस्ट २०२० या काळात झालेले आक्रमण या दृष्टीने बोलके आहे. आक्रमकाने यंत्रे विकत घेतली नाहीत. संगणनशक्ती भाड्याने मिळणाऱ्या बाजारातून ती काही तासांपुरती घेतली. विश्लेषकांच्या अंदाजानुसार त्याला भाड्यापोटी सुमारे १७.५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या दराने अंदाजे १ लाख ९२ हजार डॉलर खर्च आला आणि त्याने सुमारे ५६ लाख डॉलर मूल्याचे चलन दुसऱ्यांदा खर्च केले. तितक्या शक्तीची यंत्रे विकत घेण्याच्या किमतीशी या भाड्याची तुलनाच होऊ शकत नाही.

३. एक जुना दाखला : ईस्ट इंडिया कंपनीच्या निवडणुका

मालमत्तेला मत देणारी संस्था, मतदानापुरती उसनी घेतलेली मालमत्ता आणि त्यावर शोधलेला उपाय, हे तिन्ही विषय संगणकाच्या युगात प्रथमच उद्भवले असे नाही. त्यांचा एक अत्यंत स्पष्ट दाखला अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडतो आणि त्याचा संबंध थेट हिंदुस्थानच्या इतिहासाशी आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचे २४ संचालक दरवर्षी एप्रिल महिन्यात भागधारकांच्या मतांनी निवडले जात. कमीत कमी ५०० पौंडांचे भागभांडवल ज्याच्या नावावर असे, त्याला एक मत मिळे. भांडवल ५०० पौंडांचे असो वा ५०,००० पौंडांचे, मत एकच. धनाढ्यांच्या हाती सत्ता एकवटू नये, हा या नियमाचा हेतू स्तुत्य होता. परंतु नियमाने मत 'नावाला' दिले होते आणि नावे हवी तितकी उभी करता येत होती. मोठा भागधारक आपले भांडवल ५००-५०० पौंडांच्या तुकड्यांत फोडून ते मित्र, नातलग, कारकून यांच्या नावे तात्पुरते चढवी. त्यांच्याकडून मते घेई आणि निवडणूक आटोपल्यावर भांडवल परत आपल्या नावावर करून घेई. डूसर यांनी २००२ मध्ये वर्णिलेले आक्रमण ते हेच. फरक इतकाच की येथे सोंगे घेणारी माणसे हाडामांसाची होती.

१७६३ च्या निवडणुकीत ही प्रथा कळसास पोहोचली. एका बाजूस प्लासीचा विजेता रॉबर्ट क्लाइव्ह आणि दुसऱ्या बाजूस लॉरेन्स सलिव्हन असा तो सामना होता. सलिव्हन हा मुंबईत कंपनीच्या नोकरीत काही वर्षे काढून इंग्लंडला परतलेला आणि पुढे कंपनीच्या कारभारात प्रबळ झालेला गृहस्थ होता. क्लाइव्हने एक लाख पौंड गुंतवून सुमारे दोनशे मते निर्माण केली. सलिव्हनच्या पक्षानेही तोच मार्ग अवलंबिला. क्लाइव्हचा पक्ष हरला आणि मीर जाफरकडून मिळालेल्या, वर्षाला सुमारे २७,००० पौंड उत्पन्न देणाऱ्या त्याच्या जहागिरीचे पैसे नव्या संचालकांनी रोखून धरले.

या प्रसंगात क्लाइव्हचा 'खर्च' किती होता? वरवर पाहता एक लाख पौंड. परंतु ही रक्कम खर्च झालेली नव्हती. ती गुंतविलेली होती. त्या काळी इंग्लंडमध्ये व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा शेकडा ५ होती. या दराने एक लाख पौंडांवर एका महिन्याचे व्याज सुमारे ४१७ पौंड होते. म्हणजे महिनाभर भांडवल अडकवून ठेवण्याचा खर्च, दलाली वगळता, ५०० पौंडांच्याही आत होता आणि पणाला लागलेली जहागीर वर्षाला २७,००० पौंडांची होती. किंमत आणि भाडे यांतील ही तफावत ध्यानात घेतली, म्हणजे भागांची फोड इतकी का माजली, याचे आश्चर्य वाटत नाही.

ब्रिटिश संसदेने १७६७ मध्ये यावर उपाय योजला. मतदानापूर्वी किमान सहा महिने भांडवल नावावर असले पाहिजे, असा कायदा करण्यात आला. या कायद्याने मताची किंमत वाढविली नाही. ५०० पौंडांची अट तशीच राहिली. त्याने मताचे भाडे वाढविले. वरच्याच हिशेबाने एक लाख पौंडांवरील सहा महिन्यांचे व्याज २,५०० पौंड होते. परंतु व्याजापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे या सहा महिन्यांत भावाची जोखीम आक्रमकाच्या गळ्यात पडली.

ही जोखीम काल्पनिक नव्हती, हे १७६९ मध्ये सिद्ध झाले. सलिव्हन आणि त्याचे सहकारी यांनी संचालक मंडळावर परतण्यासाठी मोठ्या प्रमाणावर कर्जाऊ आणि उसने भांडवल गोळा केले व कायद्याप्रमाणे ते सहा महिने धरून ठेवले. एप्रिल १७६९ मध्ये सलिव्हन निवडून आला. परंतु मे महिन्यात कर्नाटिक प्रांतातील हैदरअलीच्या यशाच्या वार्ता लंडनला पोहोचल्या आणि कंपनीच्या भागांचे भाव कोसळले. ठरल्या भावाने भांडवल परत करण्याची अथवा तोटा भरून देण्याची हमी ज्यांनी दिली होती, ते गोत्यात आले. खुद्द सलिव्हन आणि बंगालचा माजी गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट यांची आर्थिक स्थिती या धक्क्याने खालावली. निवडणूक जिंकली, परंतु जिंकण्यासाठी जे हातात धरून बसावे लागले होते त्यानेच जिंकणाऱ्यांचे हात पोळले.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, काळाची अट आक्रमण अशक्य करीत नाही. ती आक्रमकाला परिणामांचा भागीदार बनविते. दुसरा निष्कर्ष कटू आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मतासाठी लागणारे भांडवल १,००० पौंडांवर नेले, मुदत बारा महिन्यांची केली आणि ३,००० पौंडांना दोन, ६,००० पौंडांना तीन व १०,००० पौंडांना चार मते दिली. फोड करण्याचे प्रलोभन यामुळे कमी झाले हे खरे. परंतु ५०० पौंडांच्या बळावर आजवर प्रामाणिकपणे मत देत आलेला लहान भागधारक मतदानातून बाद झाला. संरक्षणाचा खर्च ज्याने गुन्हा केला नव्हता त्याने भरला. हा दुसरा निष्कर्ष पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

४. स्टीम, २०२० : दुसऱ्यांच्या ठेवींवर मतदान

स्टीम हे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले. त्यावर लेख लिहिणाऱ्यांना आणि वाचून पसंती देणाऱ्यांना टोकनांच्या रूपाने मोबदला मिळे. जाळ्याचा कारभार 'साक्षीदार' म्हणविल्या जाणाऱ्या निवडक चालकांकडे होता. टोकनधारक आपल्या टोकनांच्या प्रमाणात त्यांना मते देत आणि सर्वाधिक मते मिळविणारे वीस जण प्रमुख साक्षीदार ठरत. मत देण्यासाठी टोकने जाळ्यात गोठवावी लागत आणि एकदा गोठविलेली टोकने पूर्णपणे मोकळी होण्यास १३ आठवडे लागत. म्हणजे १७६७ च्या कायद्यासारखी काळाची एक अट येथे होती. फरक असा की कंपनीच्या कायद्यात थांबणे मतदानापूर्वी होते, तर स्टीममध्ये ते मतदानानंतर होते.

या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे प्रत्येक टोकनधारकाला एकाच वेळी तीस साक्षीदारांना पूर्ण वजनाची मते देता येत होती. त्यामुळे ज्याच्याकडे इतरांपेक्षा अधिक टोकने असतील तो केवळ काही नव्हे, तर वीसच्या वीस जागा आपल्या माणसांनी भरू शकत होता. दुसरी उणीव म्हणजे स्टीमिट या संस्थापक कंपनीकडे एकूण टोकनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा होता. ही टोकने विकासकार्यासाठी आहेत, मतदानासाठी नाहीत, अशी समजूत होती. परंतु ती जाळ्याच्या नियमांत कोठेही लिहिलेली नव्हती.

१४ फेब्रुवारी २०२० रोजी जस्टिन सन यांच्या ट्रॉन फाउंडेशनने स्टीमिट कंपनी घेतल्याची घोषणा झाली. कंपनीबरोबर तिची टोकनेही गेली आणि त्यांबरोबर जाळ्याचे मतदानही जाणार, अशी भीती साक्षीदारांना वाटली. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी आज्ञावलीत बदल करून कंपनीच्या टोकनांच्या वापरावर निर्बंध घातले. येथे निःपक्षपणे हे नोंदविले पाहिजे की, एका कायदेशीर खरेदीदाराची मालमत्ता या कृतीने गोठविली गेली होती आणि 'प्रथम आक्रमण कोणी केले' याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते.

२ मार्च २०२० रोजी प्रत्युत्तर आले. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिक्स या विनिमयकेंद्रांकडे ग्राहकांनी ठेवलेली स्टीम टोकने गोठवून मतदानासाठी वापरली गेली आणि वीसही प्रमुख साक्षीदार बदलले गेले. ग्राहकांकडून रोष व्यक्त झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मते मागे घेतली. परंतु मत मागे घेता येते. गोठविलेली टोकने तत्काळ मोकळी होत नाहीत. १३ आठवड्यांची अट विनिमयकेंद्रांच्या गळ्यात, म्हणजे अंतिमतः ठेवीदारांच्या गळ्यात पडली.

काळाची अट असूनही ती येथे का निष्फळ ठरली? कारण अट टोकनांना लागू होती, मत देणाऱ्याच्या स्वतःच्या हिताला नव्हे. १७६९ मध्ये सलिव्हनच्या गटाने उसने भांडवल घेतले, परंतु तोट्याची हमी स्वतः दिली होती. २०२० मध्ये ज्यांची टोकने अडकली त्यांनी मत दिले नव्हते आणि ज्यांनी मत दिले त्यांची टोकने अडकली नव्हती. आक्रमकाच्या दृष्टीने भाडे जवळजवळ शून्य होते. ते तिसऱ्याच पक्षाने भरले.

पराभूत गटाने मतदानाने नव्हे, तर निर्गमनाने उत्तर दिले. २० मार्च २०२० रोजी स्टीमच्या नोंदवहीची प्रत घेऊन 'हाइव्ह' हे वेगळे जाळे सुरू करण्यात आले आणि त्यात स्टीमिट कंपनीच्या टोकनांना स्थान दिले गेले नाही. कंपनीच्या भागधारकाला आपला हिस्सा विकून बाहेर पडता येई, परंतु कंपनीची दुसरी प्रत घेऊन जाता येत नसे. विकेंद्रित जाळ्यात ते शक्य असते. आक्रमणाचा हिशेब मांडताना ही बाजू विसरता येत नाही : जिंकलेल्याच्या हाती गड येतो, परंतु गडावरची माणसे राहतीलच असे नाही. त्याच वर्षी पुढे हाइव्हने एक नियम केला. नव्याने गोठविलेल्या टोकनांना साक्षीदारांच्या निवडणुकीत मत देण्यापूर्वी तीस दिवस थांबावे लागेल. संसदेने १७६७ मध्ये जे तत्त्व स्वीकारले होते, तेच २५३ वर्षांनी एका जाळ्याने स्वानुभवातून पुन्हा शोधून काढले.

५. बीनस्टॉक, २०२२ : शून्य काळाचे भाडे

बीनस्टॉक ही इथेरियम जाळ्यावर चालणारी, डॉलरशी मूल्य जोडलेले चलन निर्माण करणारी व्यवस्था होती. तिच्यात ठेव ठेवणाऱ्यांना मताधिकार मिळे. कोणताही प्रस्ताव मांडल्यानंतर एक दिवस उलटला आणि दोन-तृतीयांश मते मिळाली, तर तो तातडीने अमलात आणता येई. प्रस्तावाला एक दिवसाचा विलंब म्हणजे संरक्षण, अशी रचनाकारांची धारणा असावी.

एप्रिल २०२२ मध्ये एका अज्ञात व्यक्तीने दोन प्रस्ताव मांडले. त्यांपैकी एक युक्रेनच्या मदतीसाठी अडीच लाख डॉलर देण्याचा होता. दुसऱ्यात सर्व ठेवी आपल्याकडे वळविण्याची योजना दडलेली होती. एक दिवस गेला. १७ एप्रिल रोजी त्या व्यक्तीने 'फ्लॅश लोन' घेतले. हा कर्जाचा असा प्रकार आहे की, कर्ज घेणे, वापरणे आणि फेडणे हे सारे एकाच व्यवहारात घडते. फेड झाली नाही तर संपूर्ण व्यवहारच रद्द होतो. त्यामुळे तारण लागत नाही आणि कर्ज देणाऱ्यालाही धोका नसतो. केवळ आवे या एका व्यवस्थेकडून आक्रमकाने सुमारे १०० कोटी डॉलर उचलले, ते बीनस्टॉकमध्ये ठेव म्हणून ठेवले, दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळविली, प्रस्ताव मंजूर केला, ठेवी काढून घेतल्या आणि कर्ज फेडले. हे सारे एकाच व्यवहारात पार पडले. बीनस्टॉकचे सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचे नुकसान झाले. आक्रमकाच्या हाती त्यातून सुमारे साडेसात कोटी डॉलर लागले.

आवेच्या त्या वेळच्या ०.०९ टक्के आकारानुसार १०० कोटी डॉलरच्या कर्जाचे शुल्क सुमारे ९ लाख डॉलर होते. 'बहुमत विकत घेण्यास कोट्यवधी डॉलर लागतील' हे विधान खरेच होते. परंतु बहुमत भाड्याने घेण्यास किती लागतील, याचा विचार झालेला नव्हता. येथे काळाची अट होती, परंतु ती चुकीच्या ठिकाणी होती. थांबावे प्रस्तावाला लागले, मतदाराला नाही. कंपनीच्या भाषेत बोलावयाचे तर, निवडणुकीची सूचना एक दिवस आधी देण्याचे बंधन होते, परंतु भागभांडवल मतदानाच्या क्षणी नावावर असले की पुरे होते.

हा धोका अगदीच अपरिचित होता असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१९ मध्येच मेकर या व्यवस्थेविषयी एका तंत्रज्ञाने जाहीरपणे दाखवून दिले होते की, मंजूर निर्णय विलंबाविना अमलात येत असल्याने सुमारे २ कोटी डॉलरच्या टोकनांच्या बळावर त्याहून कितीतरी मोठ्या तारणावर हात मारता येईल. ऑक्टोबर २०२० मध्ये मेकरच्याच एका मतदानात फ्लॅश लोनने मिळविलेली टोकने प्रत्यक्ष वापरलीही गेली. इशारे होते, ते प्रत्येक नव्या व्यवस्थेने स्वतःला लागू करून पाहिले नाहीत.

६. खर्चाचा हिशेब

वरील घटनांवरून आक्रमणाच्या खर्चाचे चार घटक वेगळे काढता येतात. पहिला, मताधिकार देणाऱ्या वस्तूची किंमत. दुसरा, ती वस्तू मतदानापुरती हाती ठेवण्याचे भाडे. तिसरा, मतदानानंतर ती हातात अडकून राहिल्यास भाव कोसळण्याची जोखीम. चौथा, जिंकलेली संस्था सोडून तिचे सदस्य निघून गेल्याने होणारी हानी.

यांपैकी पहिला घटक जाहिरातीत सर्वाधिक झळकतो आणि आक्रमकाच्या हिशेबात सर्वांत कमी येतो. कारण किंमत दिली तरी वस्तू पुन्हा विकता येते. क्लाइव्हचे भांडवल त्याचेच राहिले आणि फ्लॅश लोनची मुद्दल त्याच व्यवहारात परत गेली. आक्रमकाला खऱ्या अर्थाने परावृत्त करतात ते दुसरा आणि तिसरा हे घटक. हे दोन्ही घटक काळावर अवलंबून आहेत आणि तिसरा घटक तर मत देणारा आणि जोखीम सोसणारा हे एकच असतील तरच अस्तित्वात येतो. चौथा घटक केवळ त्याच आक्रमकाला अडवू शकतो ज्याला संस्था चालवावयाची आहे. लुटून निघून जाणाऱ्याला त्याची पर्वा नसते.

इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी संगणनशक्तीऐवजी ठेवीवर आधारित पद्धत स्वीकारली. तिची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सहभागासाठी किमान ३२ ईथर ठेव ठेवावी लागते. परस्परविरोधी मते दिल्याचे सिद्ध झाल्यास त्या ठेवीचा भाग जप्त होतो आणि ठेव काढून घेण्यासाठी रांगेत थांबावे लागते. म्हणजे जोखीम केवळ बाजारावर न सोपविता ती नियमातच लिहिली गेली आहे.

७. नियमात बसणारे आक्रमण

येथपर्यंतच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, काळाची आणि जोखमीची योग्य अट घातली की प्रश्न सुटतो. २०२४ मधील कंपाउंड या व्यवस्थेतील घटना हा समज दूर करते. कंपाउंडमध्ये मते मतदानाच्या क्षणी नव्हे, तर आधीच्या एका ठरावीक क्षणी असलेल्या टोकनांवरून मोजली जातात. त्यामुळे फ्लॅश लोनचा तेथे उपयोग नव्हता. तरीही 'गोल्डन बॉइज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने टोकने जमवून, वाट पाहून, ४,९९,००० टोकने, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, आपल्या योजनेकडे वळविण्याचा प्रस्ताव मांडला. २८ जुलै २०२४ रोजी तो ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. पुढे काही दिवसांतच तडजोड होऊन तो मागे घेण्यात आला.

यास आक्रमण म्हणावे की संघटित अल्पसंख्याकांचा विजय? नियमभंग झाला नव्हता. मते उसनी नव्हती. विरोधकांना मत देण्यास वेळ होता. येथे काळाची अट पूर्ण होऊनही जे कमी पडले, ते इतर मतधारकांचे लक्ष होते. बहुसंख्य टोकनधारक मतदानास येतच नसतील तर बहुमताची किंमत एकूण टोकनांच्या निम्म्याने मोजणे चुकीचे ठरते. ती हजर असलेल्यांच्या निम्म्याने मोजावी लागते. अनुपस्थिती हे आक्रमकाला मिळणारे अनुदान असते. कोणतेही सांकेतिक कुलूप यावर पुरेसे पडत नाही.

८. समारोप

मताला किंमत लावली की ते सुरक्षित होते, ही विकेंद्रित जाळ्यांची मूळ श्रद्धा होती. १७६३ पासून २०२४ पर्यंतच्या वरील घटना सांगतात की किंमत हे अपुरे कुंपण आहे. जे विकत घेता येते ते बहुधा भाड्यानेही मिळते आणि भाडे नेहमी किमतीहून फार लहान असते. म्हणून मतदानव्यवस्थेची परीक्षा करताना 'बहुमत कितीला पडेल?' याऐवजी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : मत किती काळ धरून ठेवावे लागते? त्या काळात होणारी हानी मत देणाऱ्याचीच असते काय? आणि ज्यांना निर्णय मान्य नाही त्यांना बाहेर पडण्याची वाट आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना दुसऱ्या बाजूचेही भान ठेवावे लागेल. १७७३ मध्ये फोड रोखण्यासाठी उचललेल्या पावलाने लहान भागधारकाचे मत गेले. बीनस्टॉकने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा कामकाज सुरू केले, तेव्हा मंजूर निर्णयांची अंमलबजावणी मोजक्या व्यक्तींच्या संयुक्त स्वाक्षरीवर सोपविली. सुरक्षितता वाढली, परंतु ज्या मध्यवर्ती सत्तेला टाळण्यासाठी हा सारा खटाटोप होता ती मागील दाराने काही अंशी परत आली. संरक्षणाचा प्रत्येक उपाय कोणाच्या तरी मताधिकारातून वसूल होतो. तो कोणाच्या मताधिकारातून वसूल करावयाचा, हा तंत्राचा नव्हे, तर राज्यशास्त्राचा प्रश्न आहे.

अभियंत्यांनी या जाळ्यांच्या उभारणीत गणित आणि संगणकशास्त्र यांचा आधार घेतला, हे स्वाभाविकच होते. परंतु त्यांच्यापुढे उभी राहिलेली कोडी लेडनहॉल स्ट्रीटवरील एका व्यापारी कंपनीने आपल्या भागधारकांच्या सभांत दोनशे साठ वर्षांपूर्वी अनुभवली होती. त्या सभांतील मतांवर बंगालच्या, मद्रासच्या आणि मुंबईच्या कारभाराचे भवितव्य ठरत असे आणि ज्यांच्यावर तो कारभार चालणार होता त्यांना तेथे मत नव्हते. मतदानव्यवस्था ढिली असल्याची सर्वांत मोठी किंमत बहुतेक वेळा मतदार देत नाहीत. ती मतदारयादीबाहेरचे लोक देतात. स्टीमच्या ठेवीदारांनी ती १३ आठवडे दिली. हिंदुस्थानला ती किती काळ द्यावी लागली, हे इतिहासाच्या अभ्यासकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.